शब्दचर्चा : कावीळ, पांडुरोग आणि ‘पिवळा पडणे’

परळ :
‘पोरगी पिवळी पडलीय’ असं आमच्याकडे सर्रास म्हणतात आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा अशक्तपणा असतो. कुणी पांडुरोग म्हणजेच कावीळ म्हणतं, तर वैद्य म्हणतात की पांडुरोग म्हणजे रक्त कमी असणं. मग कावीळ नेमकं कशाला म्हणायचं? आणि ‘काविळीचा’ लिहिताना ‘वि’ ऱ्हस्व का?

गिरगाव :
दोन्ही वेगळे, पण शेजारी. चरकसंहितेत पांडू आणि कामला एकाच अध्यायात येतात. पांडुरोग्याने पित्त वाढवणारं खाल्लं की कामला होते, असं तिथे म्हटलंय. सरमिसळ बहुधा त्यातूनच आली. पांडू म्हणजे फिका, निस्तेज. कामला म्हणजे आपली कावीळ, गुजरात्यांचा कमळो. कामलेचं वर्णन करताना चरक डोळे, त्वचा, नखं ‘हारिद्र’ होतात म्हणतो, म्हणजे हळदीसारखी. त्यामुळे रक्त कमी असेल तर ‘फिकी पडलीय’ किंवा ‘पांढरीफटक झालीय’ म्हणावं आणि ‘पिवळी’ हा शब्द काविळीसाठी राखावा, असं मला मनापासून वाटतं.

ही हळद येते रक्तातूनच. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनपासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग पुढे हिरवट, मग पिवळट होतो, तो याच क्रमाने. यकृत हे बिलिरुबिन पित्तातून आतड्यात सोडतं. शौचाचा तपकिरी रंगही त्याच्यापासूनच तयार होतो. पेशी फार वेगाने मोडल्या (मलेरियात होतं तसं), यकृताला सूज आली किंवा पित्ताच्या वाटेत खडा अडकला, तर ते रक्तात साठतं. एरवी ते डेसिलिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास असतं. अडीच-तीनच्या पुढे गेलं की आधी डोळ्यांत दिसतं. वाट तुंबली असेल तर लघवी गडद होते आणि शौच पांढुरकं. त्या शौचाला चरकाचा शब्द आहे ‘तिलपिष्टनिभ’, वाटलेल्या तिळासारखं. इतकं नेमकं निरीक्षण!

म्हणजे कावीळ हे लक्षणाचं नाव आहे. ‘कावीळ झालीय’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न ‘कशामुळे?’ हाच हवा. मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई होतात. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा ताप) होऊ शकतो. जुलै 2005च्या पुरानंतर शहराने त्याची साथ पाहिली आहे. लेप्टोच्या गंभीर रूपात काविळीबरोबर मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात, म्हणून त्याला लवकर प्रतिजैविकं लागतात. अशा वेळी कावीळ उतरेल या समजुतीने गळ्यात माळ घालून ती लांब होण्याची वाट बघणं जिवावर बेतू शकतं. साधी ए-ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं.

मुलुंड :
पिवळेपणा दरवेळी बिलिरुबिनचाच नसतो. रोज भरपूर गाजर, पपई, लाल भोपळा खाणाऱ्यांचे तळहात आणि तळपाय कॅरोटीनमुळे पिवळे होतात. पण डोळे पांढरेच राहतात. हीच खूण. डोळे मात्र दिवसाच्या उजेडात बघा. चाळीतल्या आतल्या खोलीत पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही, पेशंटला गॅलरीत आणा.

बाळांची कावीळ बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते आणि ओसरते. पहिल्या चोवीस तासांत दिसली तर तातडीने दाखवायचं. तिथे कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवू नये. रुग्णालयातला निळा प्रकाश बिलिरुबिनचं रूप बदलून ते शरीराबाहेर जाऊ देतो.

गिरगाव :
ऱ्हस्वाचं राहिलंच. मराठी शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’चं असेल तर सामान्यरूपात ते सहसा ऱ्हस्व होतं : जमीन–जमिनीत, बहीण–बहिणीला, तसंच कावीळ–काविळीचा. आणि ‘पिवळाधमक’ हा शब्द आंब्याला, सोन्याला शोभतो. माणसाच्या कातडीला ‘पिवळट’च म्हणावं.

परळ :
‘कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं’ हे खरं का? आणि पांढरी कावीळ?

गिरगाव :
सहसा रोग्याला जग पिवळं दिसत नाही, जगाला तो पिवळा दिसतो. पूर्वग्रहासाठी म्हण म्हणून मात्र ती उत्तम आहे.

‘पांढरी कावीळ’ हे नाव हिपॅटायटिस बी-साठी ऐकायला मिळतं. त्यात डोळे पिवळे न होताही विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहू शकतो, तो रक्ततपासणीतच कळतो. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो, जेवणातून नाही. म्हणून अशा माणसाचं ताट-वाटी वेगळं काढू नका. घरातल्या बाकीच्यांनी तपासणी करून लस घ्यावी.