यादीतला पहिला नंबर

ख्रिस्ती माणसानं ध्येयं कशी ठरवावीत, या चर्चेत कुणी लिहिलंय, 'देव, मग कुटुंब, मग नोकरी असा क्रम लावा'. ते पटतं, पण निम्मंच. आणि ध्येयं लिहून काढणं म्हणजे देवावर अविश्वास, हे म्हणणं तर अजिबात पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशूच विचारतो, बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करत नाही का? नव्या करारातल्या पत्रात याकोबाचा राग दिसतो, तोही बेत आखण्यावर नाही. 'प्रभूची इच्छा असेल तर' हे विसरून फुशारकी मारण्यावर आहे.

माझी अडचण वेगळी. दोन वर्षांपूर्वी डायरीच्या पहिल्या पानावर मी ठळक 'देव' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मग मोबाइलमधलं कॅलेंडर चाळलं तर लागोपाठ रविवारी ओव्हरटाइम, उपासना बुडालेली आणि दानाच्या पाकिटात खिशातली उरलीसुरली चिल्लर. (ओव्हरटाइमचे पैसे टीव्हीच्या हप्त्याला जात होते, हेही सांगून टाकतो.) तेव्हापासून क्रमबिम लावत नाही. रविवारची सकाळ आणि पगाराचा दहावा भाग आधी बाजूला काढतो, उरलेल्यात बाकीचं बसवतो. चारही रविवार अजून जमत नाहीत. बायको म्हणते, निदान भांडायला तरी आता घरी सापडता.

'पन्नाशीनंतर कसली ध्येयं' असंही कुणी म्हटलंय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, तेव्हा ते 55 वर्षांचे होते. पुढे जेमतेम दोन वर्षं मिळाली त्यांना.