मिड मोटर की रिअर मोटर? मुरमाच्या ट्रॅकसाठी टू-व्हील बगीची निवड

मुरूमपट्टी (पुणे):
नमस्कार मंडळी. मला रिमोटवर चालणारी (आरसी), १/१० प्रमाणाची इलेक्ट्रिक टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी) बगी घ्यायची आहे. आम्ही मित्र शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत स्वतः आखलेल्या ट्रॅकवर गाड्या पळवतो. जमीन मुरमाची आहे. पाणी मारल्यावर थोडा वेळ पकड बरी मिळते, पण ऊन चढले की वर भुकटी सुटते आणि मागची चाके नुसती फिरत राहतात. शर्यतीसाठीची नवी किट (सुटे भाग जोडून बांधायच्या गाड्या) बहुतेक मिड मोटरचीच, म्हणजे मोटर दोन्ही ॲक्सलच्या मध्ये असलेली दिसतात, तर मागच्या ॲक्सलमागे मोटर असलेली, म्हणजे रिअर मोटरची एक वापरलेली गाडी बऱ्याच कमी किमतीत मिळते आहे. थ्रॉटलवर माझा हात अजून बसलेला नाही. कोणती घ्यावी?

एकच_डिफ:
मुरूम सुटा असेल तर मी रिअर मोटरच सुचवीन. ५४० आकाराची ब्रशलेस मोटर साधारण १६० ते १८० ग्रॅम भरते आणि पूर्ण गाडी दीड किलोच्या आसपास असते, त्यामुळे ही मोटर ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, याचा परिणाम लगेच जाणवतो. मागे बसवलेली मोटर मागच्या चाकांवर स्वतःच्या वजनाहूनही अधिक भार टाकते, कारण ॲक्सलपलीकडे असल्याने ती पुढच्या चाकांवरचा थोडा भारही मागे ओढते. १९८४ च्या असोसिएटेड कंपनीच्या आरसी१० आणि टामिया कंपनीच्या ग्रासहॉपर या बगींपासून पुढे कित्येक वर्षे मातीवरच्या बहुतेक टू-व्हील बगी याच रचनेच्या होत्या, ते उगाच नव्हे.

तोटाही त्याच वजनातून येतो. थ्रॉटल देताच पुढची चाके हलकी होऊन गाडी वळणाबाहेर सरकते, आणि लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत टोकाला असलेले वजन दिशा बदलायला वेळ घेते. वळणाच्या आधी थ्रॉटल सोडून वजन पुढे येऊ द्यायचे आणि मगच गाडी वळवायची, हे अंगवळणी पडेपर्यंत तिचा राग येईल.

गवत_कार्पेट (इंग्लंड):
इथे क्लबमध्ये आम्ही ॲस्ट्रोटर्फ (कृत्रिम गवत) आणि कार्पेटवर गाड्या पळवतो. रिअर मोटर गाडी आली तर लोक ती कौतुकाने पाहायला जमतात. पृष्ठभागच भरपूर पकड देत असेल, तर मागे वजन साठवण्याचे कारण उरत नाही आणि मोटर दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणून चपळ वळण मिळवणे फायद्याचे ठरते. २०११ ची टीएलआर कंपनीची २२ ही बगी एकाच किटमधून दोन्ही प्रकारे जोडता येत असे, आणि असोसिएटेडने २०१३ मध्ये बी५ (रिअर मोटर) व बी५एम (मिड मोटर) अशा दोन वेगळ्या गाड्या आणल्या. पुढे अधिक पकडीचे ट्रॅक वाढले, तसे नव्या किटमध्ये मिड मोटरचे पारडे जड झाले. आपला भुकटीचा मुरूम ही किट आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा नसतोच, म्हणून केवळ नवी आहे एवढ्यावर निवड करू नये.

पिनियन२२:
दोघांशीही थोडा मतभेद आहे. मिड मोटर घेऊनही बरेच काही साधता येते: शॉर्टी (आखूड आकाराची) बॅटरी शक्य तितकी मागे सरकवावी, मागच्या बाजूला पितळी वजन लावावे आणि पर्याय असेल तर चार गिअरचा गिअरबॉक्स निवडावा. त्यात रोटर (मोटरचा फिरता भाग) चाकांच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे वेग घेताना गाडी मागे अधिक बसते; तीन गिअरमध्ये तो उलट फिरतो आणि हा परिणाम घटतो. मात्र गिअरची संख्या बदलली की मोटरची दिशाही बदलावी लागते. ती ईएससीच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या) सेटिंगमधून बदलावी. सेन्सर असलेल्या मोटरच्या तारा अदलाबदल करू नयेत.

मला खरी काळजी सुट्या भागांची वाटते. मागचे आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे हात) आणि शॉक टॉवर (शॉक ॲबसॉर्बर जिथे बसवतात तो उभा भाग) तुटणारच. ते त्या जुन्या मॉडेलसाठी आज मिळत नसतील, तर स्वस्त गाडी कपाटात जाऊन बसेल. सुटे भाग मिळत असतील, तर माझेही मत रिअर मोटरला.

मुरूमपट्टी:
सर्वांचे आभार. आर्म आणि टॉवर दोन्ही मिळतात, असे आज दुकानदाराने सांगितले. गाडी पाहायला जाईन तेव्हा गिअरबॉक्स उघडून दाखवायला सांगणार आहे. त्यात नेमके काय तपासावे, हे पिनियन२२ यांनी सांगितल्यास बरे होईल.

पिनियन२२:
डिफ (डिफरन्शियल) हाताने फिरवून खरखर लागते का ते पाहा, आयडलर गिअरचे (मधल्या जोडगिअरचे) दात झिजले आहेत का ते पाहा, आणि मोटरच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये भुकटी गेली असेल तर ते बेअरिंग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.