सेकंदाला वीस फ्रेम नसतील तर कबड्डी टिपता येत नाही का?

निदानरेषा

‘सेकंदाला किमान वीस फ्रेम घेणारा मिररलेस (आरशाशिवायचा नवा कॅमेरा) आणि एफ २.८ ची, म्हणजे भरपूर प्रकाश घेणारी झूम लेन्स ज्यांच्याकडे नाही, त्यांनी कबड्डीच्या मैदानाकडेची जागा अडवू नये. बर्स्टशिवाय, म्हणजे भराभर सलग चित्रे घेतल्याशिवाय, पकड मिळणे हा निव्वळ योगायोग असतो,’ असे ‘वेगवान’ यांनी परवा आपल्या या छायाचित्रण मंचावर लिहिले. त्यावर आलेल्या अनेक होकारार्थी प्रतिक्रिया वाचून मला मनापासून वाईट वाटले, कारण त्या वाचणाऱ्यांमध्ये जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) घेऊन तालुक्याच्या स्पर्धांना जाणारी मुलेही आहेत.

आधी साधा हिशेब करू. मध्यरेषेकडे झेप घेणाऱ्या चढाईपटूचा हात सेकंदाला आठ मीटर वेगाने जात आहे असे धरले, तर वीस फ्रेमच्या बर्स्टमध्ये दोन चित्रांच्या दरम्यान तो चाळीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे बोटे रेषेला टेकतात तो क्षण या दोन चित्रांच्या मधोमध सहज हरवू शकतो. तो पकडायचा असेल तर क्षण ओळखूनच बटण दाबावे लागते, आणि ती ओळख खेळातून येते. डाव्या कोपऱ्यातला बचावपटू पुढे सरकून टाचा उचलू लागला की घोटा पकड येणार, प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत चढाईपटू धोका पत्करणार, ही माहिती कोणताही सेन्सर देत नाही.

जागेचेही तेच आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या लुइस्टनमध्ये मुष्टियुद्धात खाली पडलेल्या सॉनी लिस्टनसमोर उभा असलेला मुहम्मद अली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या नील लायफर यांनी टिपला. त्या छायाचित्रात अलीच्या पायांमधून समोरच्या बाजूला बसलेले हर्ब शार्फमन दिसतात. तेही त्याच नियतकालिकाचे, अनुभवाने मोठे छायाचित्रकार होते, पण त्या क्षणी त्यांच्या वाट्याला अलीची पाठ आली. लायफर यांचे फ्लॅशदिवे पुन्हा भारित व्हायला वेळ लागत असे, त्यामुळे त्यांना तेथे एकच फ्रेम मिळणार होती.

वेगवान

माझे वाक्य कठोर होते हे मान्य करतो, पण त्यातला मुद्दा मागे घेत नाही. लायफर यांच्याकडे एकच फ्रेम होती कारण त्या काळी दुसरा पर्याय नव्हता. त्या मर्यादेला आज गुण म्हणून मिरवणे मला पटत नाही.

आपल्याच हिशेबाने पाहू. सोनीच्या ए ९ मार्क ३ या कॅमेऱ्यात सेकंदाला १२० फ्रेम मिळतात, म्हणजे तोच हात दोन चित्रांच्या दरम्यान जेमतेम सात सेंटिमीटर सरकतो. शिवाय माणसाच्या डोळ्याने पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात पकड लागलेलीही असते. बटण दाबण्याच्या आधीची चित्रे राखून ठेवण्याची सोय ऑलिंपसने २०१६ मध्येच दिली, आणि या सोनीत ती एक सेकंदापर्यंत मागे जाते. मी वृत्तपत्रासाठी काम करतो. रात्री साडेनऊला सामना संपतो आणि दहाच्या आत पान छपाईला जाते; तेव्हा संपादकांना माझी क्षण ओळखण्याची साधना ऐकायची नसते, त्यांना चित्र हवे असते. ज्यांना हौस म्हणून जायचे आहे त्यांनी खुशाल जावे, पण ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना कमी साधनांचा उपदेश करू नये.

लालमाती

पोटाचा प्रश्न आला म्हणून लिहितो. मी कोल्हापूरच्या खासबागेत आणि आसपासच्या मैदानांत कुस्ती टिपतो. कुस्तीत मल्ल मिनिटेच्या मिनिटे एकमेकांच्या मानेला हात घालून उभे असतात, आणि मग धोबीपछाड किंवा ढाक एका श्वासात होऊन जाते. गेल्या हंगामात माझ्या शेजारी एक तरुण नवा कॅमेरा घेऊन बसला होता. खांदा हलला की तो बर्स्ट सोडत असे. ज्या क्षणी खरोखर कलाजंग हा डाव लागला, त्या क्षणी त्याचा कॅमेरा आधीची चित्रे कार्डवर लिहीत अडकला होता. तो मुलगा रडवेला झालेला मी पाहिला. त्याला विक्रेत्याने फ्रेमची संख्या सांगितली होती, बफर, म्हणजे कार्डवर जाण्याआधी चित्रे थांबतात ती जागा, किती सेकंदांत भरतो हे कोणी सांगितले नव्हते.

आणि या चर्चेत कोणीच मातीबद्दल बोलत नाही. तेल, ताक आणि हळद मुरलेली ती तांबडी माती एकदा लेन्सच्या फिरत्या कड्यात गेली की निघत नाही. मैदानात लेन्स बदलू नका, दोन बॉडी न्या किंवा एकाच लेन्सवर भागवा, हे मी कायम सांगत आलो आहे.

कोपरारक्षक

मी जिल्हा पातळीवर उजव्या कोपऱ्यात खेळलेली आहे आणि आता छायाचित्रे काढते, म्हणून दोन्ही बाजूंना सांगते. निदानरेषा, आपण मध्यरेषेवरच्या हाताबद्दल लिहिता, पण रेषेच्या दोन्ही टोकांना पंच उभे असतात हे विसरता. तेथून सरळ रेषेत चित्र मिळतच नाही. दीड-दोन मीटर बचावाच्या बाजूला सरकून, जमिनीवर बसून, पंचांच्या पायांपलीकडून घ्यावे लागते. आणि वेगवान, एफ २.८ झूम नसलेल्याला बाहेर काढण्याची भाषा मला अपमानास्पद वाटली. माझ्याकडे ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स आहे. ती २.८ पेक्षा सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) अधिक प्रकाश घेते, तेरा बाय दहा मीटरच्या मॅटला पुरते, आणि १/१००० सेकंदाच्या शटरवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) हाताबाहेर जात नाही. मात्र नव्या मिररलेसची एक गोष्ट मलाही हवी: शांत शटर. आणि फ्लॅश नको. खेळत असताना चढाईच्या ऐन क्षणी डोळ्यांवर आलेला फ्लॅश मला आजही आठवतो. फ्लॅशला मैदानाकडे बंदीच असली पाहिजे.

तीनफेज

शांत शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि येथेच सगळी मंडळी दिव्यांना विसरतात. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंदावतात. साध्या मिररलेसच्या सेन्सरला पूर्ण चौकट वाचायला १/२० सेकंद लागत असेल, तर त्या एका चित्रात प्रकाशाचे पाच हेलकावे आडव्या पट्ट्यांच्या रूपाने उमटतात, आणि वेगाने जाणारा हात तिरका होतो तो वेगळाच. यांत्रिक शटर सुमारे १/२५० सेकंदात चौकट ओलांडते, त्यामुळे पट्टे टळतात, पण एक चित्र उजळ आणि पुढचे काळवंडलेले येते. बर्स्टची निम्मी चित्रे अशी वाया जात असतील तर वीसचे दहाच झाले.

वेगवान

म्हणूनच या सोनीतले ग्लोबल शटर. सेन्सरचे सर्व बिंदू एकाच वेळी उघडतात, पट्टे नाहीत आणि वाकडे हातही नाहीत. आपण माझाच मुद्दा सिद्ध केलात.

तीनफेज

नाही. पट्टे जातात, पण चौकट हेलकाव्याच्या कोणत्या क्षणी उघडली यावर उजेड बदलतोच. शिवाय त्या सेन्सरचा मूळ आयएसओ २५० आहे आणि अंधाऱ्या सभागृहात त्याची किंमत चित्रातल्या कणांनी मोजावी लागते. दिव्यांचा ठोका ओळखून उजेडाच्या शिखरावर शटर उघडण्याची सोय कॅननने २०१४ मध्ये ७ डी मार्क २ मध्ये दिली, आणि तो कॅमेरा आज सेकंड हँड बाजारात किती स्वस्त मिळतो हे आपणच पाहा. मुळात दोष आयोजकांचा आहे. सगळे दिवे एकाच फेजवर (पुरवठ्याच्या तीन तारांपैकी एकीवर) जोडतात. तेच तीन फेजवर आळीपाळीने वाटले तर एकाचा उजेड उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढत असतो, आणि चमक बरीच सपाट होते. वायरमनला अर्ध्या तासाचे काम आहे. आमच्या तालुक्यातल्या एका मंडळाकडे मी हे वर्षानुवर्षे मागतो आहे. दिव्यांसमोर पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स लावायला माणूस मिळतो, फेज बदलायला मिळत नाही.

निदानरेषा

तीनफेज यांचे म्हणणे मला मोलाचे वाटते, पण चर्चा दिव्यांवर जाऊन थांबली याचे दुःख आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ताहितीच्या तेआहुपो येथे सर्फर गॅब्रिएल मेदिना लाटेवरून हवेत उडाला, तेव्हा छायाचित्रकार जेरोम ब्रुइए यांनी मोजून चार फ्रेम घेतल्या आणि त्यातली एक जगभर गेली. लाटेच्या मागून तो वर येणार हे त्यांना ठाऊक होते, कारण ती लाट त्यांच्या ओळखीची होती.

वेगवान

आणि त्यांच्या हातातला कॅमेरा जुना डीएसएलआर नव्हता, हेही लिहा. तरीही एवढे मान्य करतो की ज्याला खेळ कळत नाही त्याला १२० फ्रेममधून एक निवडताही येत नाही. माझ्या कार्यालयातल्या नव्या मुलांना मी हेच सांगतो. जागा अडवण्याबद्दलचे शब्द मी मागे घेतो. बर्स्टबद्दलचे नाही.

कोपरारक्षक

शब्द मागे घेतलेत, तेवढे पुरे. तीनफेज, एकेका दिव्याची जोडणी बदलायची तर आयोजकांना नेमके काय सांगायचे, ते येथे सविस्तर लिहाल का? पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुलींची स्पर्धा आहे आणि मंडपाचा वायरमन माझ्या ओळखीचा आहे.

तीनफेज

लिहितो. पहिली अट अशी की जनरेटर एकफेज असेल तर यातले काहीही होणार नाही. आधी तो तपासा. तीनफेज असेल तर मॅटच्या प्रत्येक बाजूला लागोपाठचे तीन दिवे तीन वेगळ्या फेजवर घ्यायला सांगा. एक संपूर्ण बाजू एकाच फेजवर ठेवू नका, नाहीतर त्या बाजूने येणाऱ्या चढाईपटूचा चेहरा पुन्हा चमकत राहील. जोडणी झाल्यावर १/१००० वर दहा-बारा चित्रे घेऊन शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि फरक राहिला तर येथे टाका.