विमानातून उतरून थेट स्टिअरिंगवर? आधी इन्व्हरनेस गाठा, मग गाडी घ्या

उत्तरायण (धागालेखक)

काल इथेच एका महाशयांनी लिहिलं, "स्कॉटलंडला एकट्याने जाताय? हीथ्रोलाच गाडी घ्या आणि सुटा. डावीकडूनच चालवायचंय, लायसन्स आपलं चालतं. ट्रेनबिन म्हातारे आणि ग्रुप टूरवाल्यांसाठी." खाली "जबरदस्त", "एकच नंबर" वगैरे. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा धागा.

लंडनचं हीथ्रो ते स्कॉटलंडच्या उत्तरेतलं इन्व्हरनेस साडेपाचशे मैलांच्या वर. नऊशे किलोमीटर झाले. न थांबता दहा तास, आणि न थांबता कुणी जात नाही. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेला, नऊ-दहा तास अवघडून बसलेला माणूस पासपोर्टच्या रांगेत उभा राहणार, मग शटल बसने गाडीच्या ऑफिसात जाणार, सह्या करणार आणि लगेच लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर चार लेनच्या ट्रॅफिकमध्ये घुसणार. तेही एकटा. डोळा लागतोय म्हणून चिमटा काढायला शेजारी कुणी नाही.

बरं, एवढं मरमर करून जे बघायचं ते सगळं इन्व्हरनेसच्या पुढे आहे. नॉर्थ कोस्ट ५०० हा ५१६ मैलांचा फेरा इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. म्हणजे गाडी जिथे घेतली तिथेच परत. दुसऱ्या गावी सोडायचे जादा पैसे नाहीत, लंडनच्या कंजेशन चार्जची, म्हणजे शहराच्या मध्यात गाडी नेण्याच्या शुल्काची, भानगड नाही.

ट्रेनने जायचे दोन रस्ते. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून दुपारी बाराची थेट गाडी आहे, आठेक तासांत इन्व्हरनेस. बर्विकच्या आसपास रूळ अगदी समुद्राच्या कडेने जातात आणि पर्थच्या पुढे गाडी ड्रमॉक्टरच्या खिंडीतून ४५२ मीटरवर चढते. जूनमध्ये तिथे पोचाल तेव्हाही लख्ख उजेड असतो, कारण इन्व्हरनेसला सूर्यच दहानंतर मावळतो. दुसरा रस्ता म्हणजे लंडनच्याच यूस्टन स्टेशनहून रात्रीची स्लीपर. सोळा डब्यांची गाडी. एडिनबराला रात्रीच तिचे तीन तुकडे होतात, एक अॅबर्डीनला, एक फोर्ट विल्यमला, एक आपला. सकाळी अॅव्हिमोरला डोळे उघडतात तेव्हा बाहेर केर्नगॉर्मचे डोंगर.

ध्यानात ठेवायचं एवढंच : शनिवारी रात्री स्लीपर नसते आणि गावातली गाडी भाड्याने देणारी बरीच ऑफिसं शनिवारी अर्धा दिवस, रविवारी बंद. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी पोचा. झोप झालेली, पोट भरलेलं, समोर मोकळा रस्ता. हा "म्हाताऱ्यांचा" मार्ग असेल तर मी म्हातारा.

गियरमामा

महाशय म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजू नका.

जेट लॅग, जेट लॅग काय लावलंय? उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे. सकाळी सातला उतरलात तर शरीराच्या घड्याळात साडेअकरा वाजलेत. भर दुपार. झोप येते ती परत आल्यावर, जाताना नाही.

आणि "बघायचं ते सगळं पुढे" हे कुणी ठरवलं? मी वाटेत लेक डिस्ट्रिक्टला मुक्काम केला, रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत बघितली, ग्लेनकोच्या दरीतून वर गेलो. हवं तिथे थांबलो. तुमची ट्रेन ग्लेनकोला थांबवून दाखवा. शिवाय स्लीपरच्या खोलीचं भाडं बघितलंत का? तेवढ्यात माझी गाडी दोन-तीन दिवस फिरते. सीट स्वस्त मिळते, पण रात्रभर बसूनच जायचं तर शिवशाही काय वाईट आहे?

उत्तरायण

वाटेत मुक्काम केलात ना? मग "घ्या आणि सुटा" कशाला लिहिलं? पहिल्या दिवशी किती मैल चालवलेत ते सांगा, मग बोलू.

गियरमामा

अडीचशेच्या आसपास. आणि ताजातवाना होतो.

उत्तरायण

म्हणजे निम्मं अंतर. आभारी आहे.

शुभदा_प

तुम्हा दोघांचं चालू द्या. पण गाडी हातात मिळते की नाही हा मुद्दा एकाही पुरुषाला सुचला नाही?

मी एकटी गेले होते. इंटरनेटवर पूर्ण पैसे भरलेले, गाडी बाहेर उभी दिसतेय, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड हवं, तेही चालवणाऱ्याच्याच नावाचं. माझं डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड नवऱ्याचं, नवरा नाशिकला. शेवटी त्यांचा महागडा विमा घेतला तर डेबिट चालेल म्हणे. घेतला. गाडीच्या भाड्याइतकाच झाला तो.

त्यात टायर, काच आणि गाडीचा तळ धरलेला नव्हता हे परत करताना कळलं. वर, घरी आल्यावर चार आठवड्यांनी कार्डातून पैसे कापले. कशाचे, तर ए-९ हायवेवरच्या कॅमेऱ्याने पकडलं म्हणून पोलिसांना माझा पत्ता कळवण्याची फी! दंड वेगळा. डन्ब्लेन ते इन्व्हरनेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, २०१४ पासून. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून पुढे पळायची आपली युक्ती तिथे चालत नाही.

तेव्हा ट्रेन की गाडी नंतर ठरवा. आधी स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढा, मर्यादा वाढवून घ्या, आणि गाडी घेताना चारी बाजूंनी, चाकांच्या रिंगांसकट व्हिडिओ काढा.

रुळावरचा

मुळात गाडी हवीच कशाला? इन्व्हरनेसहून काइल ऑफ लोखाल्शला ट्रेन जाते. अडीच तासांच्या वर लागतात, पण खाडीच्या काठाकाठाने इतकी सुंदर लाइन आहे की संपू नये वाटतं. १८९७ मध्ये काइलपर्यंत पोचली. तिथून पूल ओलांडून बसने स्काय बेट. उत्तरेला थर्सो आणि विकपर्यंत रेल्वे आहे. पेट्रोल नाही, डिपॉझिट नाही, शुभदाताईंसारखा मनस्ताप नाही.

उत्तरायण

@रुळावरचा, थर्सोपर्यंत जाल. पुढे डर्नेस, लॉखिन्व्हर, अॅप्पलक्रॉस? पश्चिम किनाऱ्यावर त्या पट्ट्यात रेल्वे नाही आणि बसची वाट बघत बसाल. म्हणूनच "ट्रेन आणि गाडी" म्हणतोय. लांबचा कंटाळवाणा भाग ट्रेनवर सोपवा, जिथे रूळ संपतात तिथून स्टिअरिंग घ्या.

चिपळूणचा_चाकरमानी

अॅप्पलक्रॉसचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ब्यालाख-ना-बा घाटाचे व्हिडिओ बघून लोक घाबरतात. ६२६ मीटर उंची, एकपदरी रस्ता, नागमोडी वळणं, खाली पाटी की शिकाऊंनी आणि कॅरॅव्हॅनवाल्यांनी येऊ नये. अरे, आम्ही जुलैच्या धुक्यात वरंध घाट उतरलोय, समोरून एसटी आणि बाजूला कोसळलेली दरड. कुंभार्ली तर रोजचा. आपल्याला ट्रेनने जाऊन "ताजंतवानं" व्हायची गरज काय? घाटात वाढलेल्या माणसाला तो घाट म्हणजे अंगण.

गियरमामा

+१. आणि मॅन्युअल गाडी घ्या, तिकडे ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त पडते. अमेरिकन लोकांना जमत नाही, आपल्याला जमतं.

अॅबर्डीनवासी

इथे राहतो, ऑइलमध्ये काम करतो, दर उन्हाळ्यात भारतातून पाहुणे येतात. चाकरमानी साहेब, तुमच्यासारख्यांचीच मला धास्ती वाटते.

घाट चढता येणं आणि एकपदरी रस्त्यावर वागता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. रस्त्याकडेला ठराविक अंतरावर गाडी बाजूला घ्यायच्या जागा असतात, पाटी लावलेल्या. समोरून कुणी आलं आणि ती जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर उजवीकडे शिरायचं नाही, आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, समोरचा तिथून वळसा घालून जातो. मागून कुणी घाईत असेल तरी थांबून त्याला पुढे सोडायचं. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत, ठेपले तर मुळीच सोडायचे नाहीत. त्या रस्त्यावरून नर्स ड्युटीला जात असते.

आता डिपर. आपल्याकडे डिपर म्हणजे "मी येतोय, तू हो बाजूला". इथे त्या रस्त्यांवर समोरच्याने दिवा मारला तर अर्थ असतो "मी थांबलोय, तू ये". माझा आतेभाऊ पुण्याहून आला होता. त्याने डिपर मारला आणि घुसला. समोरची बाई, बिचारी, हात करून निघाली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या, मागे मेंढ्या. तीनशे मीटर रिव्हर्स कुणी घ्यायचा यावर आमचे बंधुराज तिला घाटाचा नियम शिकवायला लागले!

सदाशिव_पेठ_विरहित

पुण्याहून आला होता हे सांगायची गरज होती का? प्रत्येक धाग्यात पुणं कसं येतं?

अॅबर्डीनवासी

आला होता पुण्याहूनच. साताऱ्याहून आला असं खोटं लिहू?

चिपळूणचा_चाकरमानी

घाटाचा नियम तिकडेही तोच आहे साहेब. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. आपल्याकडे २०१७ च्या नियमावलीत आहे, ब्रिटिशांच्या हायवे कोडमध्येही शक्य तिथे चढणाऱ्याला वाट द्या असं लिहिलंय. तुमचे बंधुराज चढत होते की उतरत होते?

अॅबर्डीनवासी

उतरत होते.

चिपळूणचा_चाकरमानी

मग चुकलंच त्यांचं. पुण्याचा माणूस, ताम्हिणीसुद्धा दुसऱ्याच्या गाडीत बसून बघतो.

सदाशिव_पेठ_विरहित

चिपळूणला सिग्नल किती आहेत हो? हॉर्न वाजवला की रस्ता मिळतो असं मानणारे आता शिष्टाचार शिकवणार.

गियरमामा

अहो रिव्हर्स घ्यायला काय जातं? ज्याच्या मागे जागा जवळ त्याने मागे यायचं, चढ-उतार गेला खड्ड्यात. मी आंबेनळीत ट्रकवाल्याबरोबर हे रोज...

शुभदा_प

मामा, तुम्ही रोज आंबेनळीत काय करता?

गियरमामा

ताई, बोलायची पद्धत आहे ती.

वऱ्हाडी_ठेचा

काय राजेहो, आमच्याकडे घाट बी नाही अन् समुद्र बी नाही. सरळ रस्त्यावर शिकलेल्या माणसानं जावं का नाही तिकडे, तेवढं सांगा ना कोणी.

उत्तरायण

जावं. पण पहिल्या दिवशी अॅप्पलक्रॉस नको. फेरा उलट दिशेने, म्हणजे इन्व्हरनेसहून पूर्व किनाऱ्याने वर घ्या. तिथले रस्ते बऱ्यापैकी रुंद आहेत, गाडीचा अंदाज येतो. पश्चिमेचे एकपदरी रस्ते आणि घाट शेवटी. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या, वायव्य कोपऱ्यात पंप लांब लांब आहेत. वाटेत टेनला ग्लेनमोरँजी व्हिस्कीची भट्टी लागेल. चालवणाऱ्याने तिथे चाखू नये. दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. बऱ्याच भट्ट्या चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, तो रात्री खोलीवर घ्या.

अंगणवाल्यांनीही हे वाचायला हरकत नाही.

गियरमामा

एवढं सगळं झाल्यावर एक विचारू? हीथ्रोहून इन्व्हरनेसला विमान जातं. दीड तास. ट्रेन कशाला, गाडी कशाला? तिथल्या विमानतळावर रविवारीही काउंटर उघडं मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे मूळ मुद्दा माझाच बरोबर, विमानतळावरच गाडी घ्या. फक्त विमानतळ बदलला.

उत्तरायण

वा. नऊशे किलोमीटर चालवायचा हट्ट सोडलात, हे मी माघार म्हणून नोंदवून घेतो. त्या विमानतळाला २०२३ पासून रेल्वे स्टेशनही आहे बरं का, गावात फिरायचं असेल तर.

गियरमामा

माघार नाही, सुधारित आवृत्ती.

रुळावरचा

ज्याला उडतच जायचंय त्याने ड्रमॉक्टर कधी बघायचं? असो. या धाग्यावर रेल्वेची बाजू घेणारा मी एकटाच दिसतोय.

अॅबर्डीनवासी

विमानाने या, ट्रेनने या, चालत या. फक्त समोरच्याने वाट दिली की स्टिअरिंगवरून हात उचलून आभार माना. इथे तेवढं न करणारा लगेच ओळखू येतो, आणि मग लोक मला विचारतात, तुमच्या गावचा का?

सदाशिव_पेठ_विरहित

पुण्यात आम्ही हात दाखवतोच.

चिपळूणचा_चाकरमानी

तो कसला हात असतो ते आम्ही चांदणी चौकात पाहिलाय. जाऊ दे. वरंध सुरू आहे का सध्या? शनिवारी भोरहून महाडला उतरायचंय.

गियरमामा

पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही, निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. नाहीतर सरळ ताम्हिणीने माणगाव गाठा. डिपर वापरा, तिथे चालतो.