मदत हवी आहे: 27 वा आठवडा, टाका घातलाय, आत्तापासूनच नाशिकला हलवावं का?

नमस्कार. धाकट्या बहिणीला 27 वा आठवडा चालू आहे. पहिली मुलगी 31 व्या आठवड्यातच झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, आता ठणठणीत आहे. यावेळी पिशवीच्या तोंडाची लांबी 18 मिलिमीटरच दिसली म्हणून डॉक्टर मॅडमनी 21 व्या आठवड्यात तिथे टाका घातला, रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी ठेवायला सांगितलीय आणि शिवाय दर आठवड्याला हार्मोनचं इंजेक्शन. आता दोन-तीन दिवस झाले संध्याकाळी पोट दगडासारखं कडक होतं, मग सैल पडतं. दुखत नाही म्हणते, पण माझी झोप उडालीय.

ती अकोल्याच्या (संगमनेरजवळचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) पुढे आत खेड्यात राहते, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) गाठायचं तर नाशिक, म्हणजे गाडीने अडीच तास. सासूबाई म्हणतात सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही. हे ऐकून अंगावर काटा येतो, पोटात जाणारा एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना किती लागतो हे कसं समजवायचं?

भावोजी म्हणतात नवीन औषध आलं असेल तर सांगा, पैसे लागले तरी लावू. मी शोधलं तर वेगळंच दिसलं. तेच हार्मोनचं इंजेक्शन अमेरिकेत मेकेना नावाने 2011 पासून विकलं जायचं, नंतर मोठ्या चाचणीत उपयोग दिसला नाही आणि 2023 मध्ये मान्यता काढून घेतली. कळा थांबवायला आजही मुख्यतः निफेडिपिन देतात, ती मुळात बीपीची स्वस्त गोळी. कळा थांबवायचं दुसरं औषध अटोसिबान महाग, आणि तेही थोडा वेळच मिळवून देतं. 2020 मध्ये भारतात 30 लाखांच्या आसपास बाळं वेळेआधी जन्मली, म्हणजे गरज प्रचंड आहे, पण गरोदर बाईवर चाचणी घ्यायला कंपन्या कचरतात, त्यामुळे नवीन औषधाच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही असं माझं मत झालंय.

तर प्रश्न असे की इंजेक्शन चालू ठेवायचं का हे मॅडमना कसं विचारू, त्यांना राग तर येणार नाही ना? आणि नाशिकला खोली घेऊन आत्ताच राहावं का?

प्रतिसाद: ताई, मी लेबर रूमला नर्स आहे. पोट कडक होतंय हे आजच मॅडमना कळवा, संध्याकाळची वाट बघू नका. लघवीची तपासणी करून घ्या, इन्फेक्शनने पण कळा येतात आणि ते औषधाने जातं. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा कळा ठरावीक वेळाने यायला लागल्या तर फोनाफोनी न करता 108 बोलवा. टाका घातलेला आहे हे गाडीतच सांगा. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या डेक्सामेथासोनचे बारा-बारा तासांनी 4 डोस असतात, कळा दोन दिवस थोपवायच्या त्या याचसाठी, म्हणून पोहोचायला उशीर नको. नुसतं झोपून राहिल्याने बाळंतपण लांबतं असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट पायात गाठी व्हायची भीती. इंजेक्शनचं बिनधास्त विचारा. नाशिकला जायचं मॅडमशी बोलून ठरवा, पण मी तुमच्या जागी असते तर नेलं असतं, जन्मलेलं बाळ हलवण्यापेक्षा पोटातलं हलवणं केव्हाही बरं.

धागाकर्ती: खूप आभार. मॅडमना फोन झाला, लगेच बोलावलंय, निघालोय. लघवीचा रिपोर्ट आला की इथे टाकते. नाशिकरोड बाजूला एनआयसीयूजवळ महिन्या-दोन महिन्यांसाठी खोली कुणाला माहीत असेल तर प्लीज कळवा.