अनुभव धागा: समोरच्याचा हात कुठे निघालाय, हे तुमच्या बाळाला कधी कळायला लागलं?

धागाकर्ती, गुहागर
लेक स्वतः खुळखुळा पकडायला लागली, त्याच सुमारास माझा हात वाटीकडे निघाला की तिची नजरही वाटीकडे जायला लागली. हा योगायोग नसावा; स्वतः हात चालवायला लागलं की दुसऱ्याच्या हाताचा बेतही कळायला लागतो, असं दिसतं. २००५ साली सोमरव्हिल, वुडवर्ड आणि नीडम या संशोधकांनी ३ महिन्यांच्या बाळांना वेल्क्रोचे हातमोजे घातले. त्या वयात पकड नसते, पण मोजा लागला की खेळणं चिकटून यायचं. नंतर समोरच्या बाईच्या हाताने नेहमीचं खेळणं सोडून दुसरं धरलं, की ही बाळं जास्त वेळ बघत राहायची, म्हणजे हे त्यांना अनपेक्षित वाटायचं. ज्यांनी मोजे घालायच्या आधी हेच नुसतं पाहिलं, त्यांना काही फरक वाटला नाही. लिहा तुमच्याकडचं.

देवगडची आजी
आंब्याच्या दिवसांत पडवीत पेट्या भरताना नातू शेजारी असायचा. आधी नुसता हातातल्या आंब्यामागे बघायचा. वर्षाचा होता होता, स्वतः डब्यात चमचे टाकायला लागल्यावर, मी आंबा उचलला की हा आधीच पेटीकडे बघून मोकळा!

धागाकर्ती
आजी, अगदी हेच स्वीडनमध्ये उप्सालाला मोजलंय, २००६ मध्ये. माणूस बादलीत वस्तू टाकताना वर्षाच्या बाळांची नजर हाताआधी बादलीवर पोचली, ६ महिन्यांच्या बाळांची नाही. वस्तू आपोआप सरकत गेल्या तेव्हा मात्र वर्षाच्यांचीही नाही.

मालवणकर
आमचा चेडू अजून बसूक शिकता हा. आजयेन जाळा शिवूक घेतल्यान की ता नुसता सुयेकडे बघता.

रत्नागिरीची आई
मला जरा वेगळं सांगायचंय. मुलाची पावलं जन्मतः आत वळलेली. दर आठवड्याला नवं प्लास्टर, मग दांडीचे बूट. रांगणं, चालणं सगळंच उशिरा. शेजारणींनी समजही उशिरा येणार असं ठरवून टाकलं होतं. पण बाबांनी गाडीची किल्ली घेतली की हा दाराकडे बघून ओरडायचा, तोही स्वतः पाऊल टाकायच्या कितीतरी आधी. रोज तेच पाहून पाहूनही कळतं की. शिवाय हात मोकळेच होते त्याचे. तेव्हा हालचालीतून समज येते हे मान्य, पण तो एकच रस्ता आहे असं कुणी उशिरा चालणाऱ्या मुलाच्या आईला सांगू नये.

नवा बाबा, अलिबाग
ते मोजे घरी शिवता येतील का?

देवगडची आजी
एप्रिलच्या घामात हातमोजे? आधी लंगोट तरी अंगावर ठेवतो का बघ.