मदत हवी आहे : रेंडरमध्ये काळा दगड प्लॅस्टिकचा वाटतो

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचं थ्रीडी मॉडेल स्केचअपमध्ये केलंय, रेंडर (म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं दिसणारं चित्र) ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमध्ये करतोय. लाकूड, कौलं छान जमली. अडलंय ते काळ्या घडीव दगडाच्या जोत्यावर. अंबाबाईच्या देवळाच्या दगडावर सकाळचं तिरकं ऊन पडलं की प्रत्येक झिजलेली कड कशी उठून दिसते, मला अगदी तेच हवंय! कडांना बेव्हल दिलाय (थोड्या बोथट केल्यात), रफनेस म्हणजे खरखरीतपणा ०.८ (० गुळगुळीत, १ पूर्ण खरखरीत), सूर्य कोल्हापूरचाच, १६.७ अंश उत्तर अक्षांशाचा. तरी बेस कलर (दगडाचा मूळ रंग) गडद ठेवला की सावलीतला तपशील बुडतो, उजळला की सिमेंट दिसतं. बेसॉल्टसाठी, म्हणजे या काळ्या दगडासाठी, तुम्ही बेस कलर किती ठेवता? छिन्नीच्या खुणांना नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा नुसता आभास) पुरेल, की डिस्प्लेसमेंटच (पृष्ठभाग खरोखर वरखाली करणं) लागेल? मालकीणबाई हे चित्र बघूनच जोतं ठेवायचं की पाडायचं ते ठरवणार आहेत, म्हणून लवकर सांगा, प्लीज.